तुर्कस्तानने अमेरिकेला वाट का दिली नाही?

नाशिकच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘तुर्कस्तान नाटोचा सदस्य आणि अमेरिका त्याचा सगळ्यात बलाढ्य मित्र. तरी २००३ मध्ये इराकवर चढाई करायला त्याने अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून जाऊ दिलं नाही. एवढा दबाव होता, एवढा पैसा देऊ केला होता, तरीही. मग लष्करी मैत्रीला अर्थ काय राहिला? आणि उद्या आपल्यावर असा दबाव आला तर?’

मी तोफखान्यात होतो. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकवलं, संयुक्त राष्ट्रांच्या एका शांतिसेनेच्या मुख्यालयात काम केलं आणि निवृत्तीनंतर नाशकातच राहून सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे माझं लक्ष करारातल्या भाषेपेक्षा बंदर, रस्ता, रेल्वे आणि हुकूम कोणाचा चालतो याकडे जास्त जातं. उत्तरही त्याच अंगाने देतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दबाव टाकून मित्रदेशाचं सरकार वाकवता येतं. त्याची संसद, त्याचा शेजार आणि मागच्या वेळी आपण त्याला कसं वागवलं याची त्याची आठवण, या तीन गोष्टी वाकवता येत नाहीत. २००३ मध्ये वॉशिंग्टनने सरकारवर सगळा जोर लावला आणि या तीन गोष्टी आपोआप मागे येतील असं धरून चालले.

आधी करार काय बांधून घालतो ते पाहू. नाटो या लष्करी संघटनेच्या कराराचं कलम ५ सगळ्यांना माहीत असतं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण ते कलम नीट वाच. हल्ला झाल्यावर प्रत्येक सदस्य ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करेल, असं त्यात आहे. म्हणजे प्रत्यक्ष हल्ला झाल्यावरसुद्धा किती आणि कशी मदत करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. नाटोच्या सगळ्या इतिहासात हे कलम एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. इराकच्या वेळी तर कोणावर हल्लाच झाला नव्हता. अमेरिका स्वतः चढाई करणार होती. त्यामुळे तुर्कस्तानने वाट दिलीच पाहिजे, असं बंधन कुठल्याच करारात नव्हतं. त्याने करार मोडला हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे.

पण करारात नसलं तरी अपेक्षा असते, आणि खरं भांडण अपेक्षेचंच असतं. शांतिसेनेच्या मुख्यालयात हे मी रोज पाहायचो. निळी टोपी सगळ्यांच्या डोक्यावर एकच, नकाशा एक, सेनापती एक. लेखी हुकूम निघायचा की अमुक तुकडीने उद्या सकाळी अमुक गावाच्या रस्त्यावर गस्त घालावी. त्या तुकडीचा कर्नल हुकूम वाचायचा, मान डोलवायचा आणि बाहेर जाऊन सॅटेलाइट फोनवर आपल्या राजधानीशी बोलायचा. तासाभराने परत येऊन सांगायचा, ‘दिवसा जाऊ, रात्री थांबणार नाही,’ किंवा ‘पुलापर्यंत जाऊ, पुलाच्या पलीकडे नाही.’ हा माणूस भित्रा नसायचा. त्याच्या देशाने सैन्य देतानाच अटी घातलेल्या असायच्या आणि त्या मोडायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. चांगला सेनापती या अटी आधीच माहीत करून घेतो आणि त्या धरूनच बेत आखतो. जो त्यांना कामचुकारपणा समजून चिडतो, त्याची गस्त रस्त्यातच अडकते. तुर्कस्तानच्या बाबतीत नेमकं हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

आता अंकाराकडे, म्हणजे तुर्कस्तानच्या राजधानीकडे वळू. अमेरिकेचा बेत दोन बाजूंनी आत घुसायचा होता. दक्षिणेकडून कुवेतमार्गे मुख्य फौज आणि उत्तरेकडून तुर्कस्तानमार्गे चौथी इन्फंट्री डिव्हिजन ही हजारो सैनिकांची फौज, म्हणजे इराकी हुकूमशहा सद्दामचं सैन्य दोन्हीकडे विभागलं जाईल. लष्करी दृष्टीने बेत चांगला होता. त्यासाठी तुर्कस्तानात सुमारे ६२,००० सैनिक, २५५ विमानं आणि ६५ हेलिकॉप्टरं ठेवायची परवानगी हवी होती. बदल्यात सहा अब्ज डॉलर अनुदान आणि त्यावर वीस अब्जांहून जास्त कर्जाची सोय, असा देकार होता. तुर्कस्तान तेव्हा २००१ च्या आर्थिक संकटातून नुकताच सावरत होता. पैशाची गरज खरी होती.

सरकारही अनुकूल होतं, निदान विरोधात नव्हतं. नोव्हेंबर २००२ मध्ये एर्दोआन यांचा पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला होता. एर्दोआन स्वतः तेव्हा कायदेशीर बंदीमुळे संसदेत नव्हते आणि पंतप्रधान अब्दुल्ला गुल होते. तरी डिसेंबरमध्ये अमेरिकी अध्यक्ष बुश यांनी एर्दोआन यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. वॉशिंग्टनचा हिशोब सरळ होता: नेता आपल्या बाजूचा, पक्षाकडे संसदेतल्या जवळपास दोन तृतीयांश जागा, लष्कर जुनं ओळखीचं. मग अडेल कुठे?

६ फेब्रुवारीला तुर्की संसदेने पहिली परवानगी दिली. ती होती तळ आणि बंदरं सुधारण्याची, सैन्य आणण्याची नव्हे. तेवढ्यावर इस्कंदरून बंदरात अमेरिकी सामान उतरायला लागलं. डिव्हिजनचे रणगाडे, तोफा, ट्रक भरलेली तीसेक जहाजं पूर्व भूमध्य समुद्रात येऊन थांबली. इथे तोफखान्यातला माणूस म्हणून मला जरा थांबावंसं वाटतं. डिव्हिजनचं सामान जहाजावर चढवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. जे वाहन आधी उतरणार ते शेवटी चढवावं लागतं. दारूगोळा वेगळा, इंधन वेगळं. उतरल्यावर ते कुठल्या रेल्वेने, कुठल्या पुलावरून जाणार आणि तो पूल किती वजन पेलतो, हे सगळं आधी तपासलेलं असतं. ही यंत्रणा एकदा हलली की तिला दुसऱ्या बंदराकडे वळवायला आठवडे जातात. म्हणून जहाजं समुद्रात उभी राहतात तेव्हा दबाव दोघांवरही येतो. तुर्कस्तानला वाटतं, हे दारात येऊन ठेपलेच आहेत. अमेरिकेला वाटतं, आता माघार घेतली तर बेतच कोसळेल. आणि जो देश घाईत आहे हे दिसतं, त्याच्याकडून समोरचा आणखी मागतो. फेब्रुवारीत तुर्की मंत्री वॉशिंग्टनला बोलणी करत होते तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना बाजारात घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्यांसारखं रंगवलं. त्याने अंकारात झालेलं नुकसान कुठल्याही रकमेने भरून निघणारं नव्हतं. जे खासदार द्विधा मनःस्थितीत होते, त्यांच्यापुढे आता देश विकत घेतला जातोय असं चित्र उभं राहिलं.

१ मार्च २००३ ला बंद दाराआड मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बहुमत झालं असं वाटावं असेच आकडे आहेत. पण तुर्की राज्यघटनेनुसार हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं बाजूने हवीत. ५३३ हजर होते, म्हणजे २६७ लागत होती. तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाने व्हिप काढला नव्हता आणि त्याच्याच कितीतरी खासदारांनी विरोधात मत दिलं. त्या दिवशी अंकाराच्या रस्त्यांवर हजारो लोक युद्धाविरुद्ध उतरले होते.

हे खासदार असे का वागले? इथे शेजार आणि आठवण या दोन गोष्टी येतात.

शेजार असा: इराकच्या उत्तरेला कुर्द राहतात, तुर्कस्तानच्या आग्नेयेलाही कुर्दच राहतात. सद्दाम कोसळला आणि उत्तर इराकमध्ये स्वतंत्र कुर्द राज्य उभं राहिलं तर आपल्या घरात काय होईल, ही भीती तुर्कस्तानातल्या डाव्या, उजव्या, धार्मिक अशा सगळ्याच पक्षांना होती. अमेरिकेसाठी हा युद्धानंतरचा एक मुद्दा होता. तुर्कस्तानसाठी तोच युद्धाचा मुख्य मुद्दा होता. युद्ध संपलं की अमेरिकी सैन्य आज ना उद्या घरी जाणार. तुर्कस्तान कुठे जाणार? मित्रांमधले युद्धापूर्वीचे मतभेद पाहशील तर शत्रू वाईट आहे की नाही यावर ते क्वचित असतात. सद्दामबद्दल अंकारात कोणाला प्रेम नव्हतं. मतभेद असतो तो ‘नंतर माझ्या दारात काय उरेल’ यावर, आणि रणांगणापासून हजारो मैल दूर असलेल्या देशाला तो नीट ऐकूच येत नाही.

आठवण आणखी जुनी आहे. १९६४ मध्ये सायप्रसच्या वादात तुर्कस्तान हस्तक्षेपाच्या तयारीत असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान इनोनू यांना पत्र पाठवलं. आशय असा होता की तुमच्या कृतीमुळे सोव्हिएत संघ मध्ये पडला, तर नाटो तुमच्या रक्षणाला बांधील असेलच असं समजू नका. पुढे १९७५ ते १९७८ अमेरिकी काँग्रेसने तुर्कस्तानला शस्त्रविक्रीच बंद केली. आपल्याकडे ओझरच्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग लढाऊ विमानं तयार झाली, पुढे सुखोई. त्या कारखान्यात आयुष्य घालवलेली कुटुंबं नाशिकमध्ये घरोघरी आहेत. परदेशी यंत्राचा सुटा भाग वेळेवर न येणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. तुर्की सेनाधिकाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने तो अनुभव आपल्याच मित्राकडून घेतला होता. आणि १९९०-९१ च्या आखाती युद्धात तुर्कस्तानने इराकची तेलवाहिनी बंद केली, तळ वापरू दिले, आणि वाट्याला आला बुडालेला सीमाव्यापार आणि सीमेवर लोटलेले लाखो कुर्द निर्वासित. त्या वेळची भरपाईची आश्वासनं पुरती पाळली गेली नाहीत, ही भावना २००३ च्या संसदेत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात होती. मग नव्या अब्जावधींच्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?

तुर्की लष्करही गप्प राहिलं. मतदानाच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची बैठक झाली, पण तिने परवानगी द्या असा स्पष्ट सल्ला दिला नाही. काही महिन्यांनी अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री वुल्फोवित्झ यांनी तुर्की लष्कराने अपेक्षित नेतृत्व दाखवलं नाही, अशी जाहीर तक्रार केली. लोकशाही आणण्यासाठी युद्ध करतो म्हणणाऱ्या देशाने मित्रदेशाच्या लष्कराला ‘तू संसदेवर दबाव का टाकला नाहीस’ असं विचारावं, हे मला आजही खटकतं.

परिणाम काय झाला तेही पाहा. जहाजं सुएझ कालव्यातून वळसा घालून कुवेतला गेली. बगदाद ९ एप्रिलला पडलं आणि चौथी डिव्हिजन त्यानंतर इराकमध्ये शिरली. उत्तरेला आघाडी म्हणून २६ मार्चच्या रात्री सुमारे हजार छत्रीधारी सैनिक बाशूर इथे उतरवले. एक डिव्हिजन यायची तिथे एवढेच.

तू तुर्कस्तानबद्दल विचारलंस, पण त्याच काळात नाटोच्या मुख्यालयात घडलेला प्रसंग मला जास्त शिकवणारा वाटतो. इराकने तुर्कस्तानवर क्षेपणास्त्रं डागली तर काय, म्हणून त्याच्या संरक्षणाचं नियोजन आधीच सुरू करावं असा प्रस्ताव होता. नाटोत एक पद्धत आहे: प्रस्ताव फिरवायचा, मुदत द्यायची, मुदतीत कोणी आक्षेप घेतला नाही तर तो मंजूर. १० फेब्रुवारीला फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी यांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं होतं की आत्ताच संरक्षणाची तयारी सुरू करणं म्हणजे युद्ध ठरलंच आहे हे मान्य करणं. त्याच दिवशी तुर्कस्तानने कलम ४ पुढे केलं, म्हणजे ‘मला धोका वाटतो, बसून चर्चा करा.’ सहा दिवसांनी महासचिव रॉबर्टसन यांनी मार्ग काढला. प्रश्न मुख्य परिषदेतून संरक्षण नियोजन समितीकडे नेला. फ्रान्स १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला होता, त्यामुळे त्या समितीत त्याची खुर्चीच नव्हती. जर्मनी आणि बेल्जियम राजी झाले आणि टेहळणी विमानं व येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी पॅट्रियट क्षेपणास्त्रं तुर्कस्तानात पोचली.

त्यातला एक तपशील लक्षात ठेव. पॅट्रियटच्या तुकड्या नेदरलँड्सच्या होत्या, पण त्यांना क्षेपणास्त्रं पुरवली जर्मनीने. हाच जर्मनी जाहीर व्यासपीठावर युद्धाला कडाडून विरोध करत होता. त्याने अमेरिकेला आपल्या भूमीवरचे तळ आणि आकाशही वापरू दिलं, शिवाय त्या तळांच्या राखणीला आपले सैनिक दिले. म्हणून ‘विरोध केला’ किंवा ‘साथ दिली’ असे दोन रकाने आखून देशांची नावं भरू नकोस. मंत्री काय बोलला, संसदेने काय ठरवलं आणि बंदरावर प्रत्यक्षात काय उतरलं, हे वेगवेगळं तपासायला हवं. माझ्या अनुभवात तिसरी गोष्ट सगळ्यात खरी असते.

त्या महिन्यांत युरोपात फार कडवट बोललं गेलं. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी फ्रान्स-जर्मनीला ‘जुना युरोप’ म्हटलं. ब्रिटन, स्पेन, इटली, पोलंड यांच्यासह आठ देशांनी अमेरिकेच्या बाजूने पत्र काढलं. फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी पूर्व युरोपीय देशांना ‘गप्प बसण्याची चांगली संधी यांनी दवडली’ असं सुनावलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धाला मान्यता मिळवण्यासाठी दुसरा ठराव आणायचा होता; तिथे अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान ही कुंपणावरची मतं होती. त्यांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्याबाबतचा अमेरिकी गुप्त निरोप मार्चच्या सुरुवातीला लंडनच्या वर्तमानपत्रात फुटला. ज्याचं मन वळवायचं त्याचाच फोन चोरून ऐकायचा, आणि तेही उघडं पडायचं, याहून वाईट मुत्सद्देगिरी कोणती? तो ठराव मतदानाला आलाच नाही.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. पंतप्रधान ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच बुश यांना लिहून टाकलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर आहे. ती टिपणी २०१६ मध्ये इराक युद्धाबद्दलच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीबरोबर जाहीर झाली. मित्राला आधीच असा शब्द देऊन टाकला की नंतर अट घालायला हातात काही राहत नाही. ११ मार्चला रम्सफेल्ड पत्रकारांना म्हणाले की ब्रिटन नसला तरी आमचं भागेल. ब्लेअर घरात पक्षाशी झुंजत होते आणि मित्र म्हणत होता, तुझ्यावाचून अडत नाही. तुर्कस्तान नाही म्हणाला, ब्रिटन हो म्हणाला. दोघांमध्ये ऐकून कोणाचं घेतलं गेलं याचा तू स्वतंत्रपणे विचार कर. माझ्या मते अंकाराचं, कारण ते नाही म्हणू शकतात हे वॉशिंग्टनला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मराठी माणसाला हे समजायला इराकपर्यंत जायची गरज नाही. आपल्या गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीत राघोबादादांचा मुक्काम असे. त्यांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७८० मध्ये नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची मोट बांधली: पुणे, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदर आणि नागपूरकर भोसले. कागदावर बेत अप्रतिम होता. हैदराने कर्नाटकावर, म्हणजे तेव्हाच्या अर्काट-मद्रासकडच्या मुलखावर पडायचं, भोसल्यांनी बंगालवर जायचं, पुण्याने गुजरात आणि कोकण सांभाळायचं, निजामाने उत्तर सरकारांत, म्हणजे कंपनीच्या ताब्यातल्या आंध्र किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत घुसायचं. इंग्रजांना चारी बाजूंनी एकाच वेळी गाठायचं.

ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने चौघांशी लढण्याआधी प्रत्येकाचं दुखणं वेगळं शोधलं. निजाम रागावला होता तो गुंटूरवरून. त्याला गुंटूर परत दिलं, निजाम जागचा हलला नाही. नागपूरच्या मुधोजी भोसल्यांशी हेस्टिंग्जचा आधीपासून पत्रव्यवहार होता आणि पुण्याबद्दल नागपूरला जुनी अढी होती. चिमणाजी भोसल्यांची फौज निघाली, पण रेंगाळत. ओरिसातल्या कटकच्या बाजूला जाऊन थांबली. फौजेचा पगार थकला, तो कंपनीने दिलेल्या पैशातून भागला. आणि १७८१ मध्ये त्याच ओरिसातून, भोसल्यांच्या संमतीने, कंपनीची फौज बंगालहून मद्रासकडे हैदराशी लढायला चालत गेली. तिचा सेनानी कर्नल पीअर्स बंगाल तोफखान्याचा होता. माझ्याच शाखेचा माणूस म्हणून त्या कूचेचं मला नेहमी कुतूहल वाटतं: तोफा, बैल, नद्या आणि पावसाच्या आत गाठायचा पल्ला. भोसल्यांनी नुसती वाट अडवली असती तरी मद्रासची मदत फार लांबली असती.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघ. तुर्कस्तानने मित्राच्या फौजेला वाट नाकारली. भोसल्यांनी मित्राच्या शत्रूला वाट दिली. मैत्री मोडणं म्हणायचं असेल तर ते दुसऱ्या प्रसंगाला म्हण. पण त्यातही नानांच्या बाजूने एक त्रुटी होती, ती झाकू नये. नागपूरची फौज बंगालवर जाणार तर तिचा खर्च कोण उचलणार आणि जिंकलेल्या मुलखात नागपूरला काय मिळणार, याचा निकाल मोहीम निघण्यापूर्वी पक्का व्हायला हवा होता. ती पोकळी राहिली आणि कंपनीने ती पैशाने भरली.

दबाव उलट्या दिशेनेही असतो, हे तुझ्या प्रश्नात आलं नाही म्हणून सांगतो. कधी मित्राला ‘लढ’ म्हणून दाबतात, कधी ‘लढू नकोस’ म्हणून. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा फ्रान्सशी संरक्षण करार होता. हिटलरने सीमेवरचा जर्मन भाषकांचा सुडेटन भाग मागितला. फ्रान्स आणि ब्रिटनने मिळून प्राहाला, म्हणजे चेक सरकारला सांगितलं की तो देऊन टाका. २० सप्टेंबरला चेक सरकारने नकार दिला. त्याच रात्री, २१ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास, ब्रिटिश आणि फ्रेंच राजदूत चेक अध्यक्ष बेनेश यांच्याकडे गेले, त्यांना झोपेतून उठवलं आणि सांगितलं की तुम्ही ऐकलं नाहीत तर युद्धात आमची अपेक्षा धरू नका. त्या दिवशी चेक सरकारने मान्यता दिली. आठवडाभराने म्युनिकमध्ये जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चौघांनी सही केली, तिथे चेकांना टेबलावर जागा नव्हती.

त्या डोंगराळ सीमेवर चेकांची पक्की तटबंदी होती, ती एक गोळी न झाडता गेली. मार्च १९३९ मध्ये उरलेला देशही गेला, आणि त्याबरोबर प्लझेनचे स्कोडा कारखाने, तोफा आणि रणगाडे जर्मनांच्या हाती आले. मे १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेलची सातवी पॅन्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली ती मोठ्या संख्येने चेक बनावटीचे रणगाडे घेऊन. पहाटे दोन वाजता मित्राला दाबून फ्रान्सने जे टाळलं, ते पावणेदोन वर्षांत त्याच मित्राच्या रणगाड्यांवर बसून त्याच्याच अंगणात आलं. हा भाग शिकवताना माझा आवाज चढतो, आणि विद्यार्थ्यांना ते माहीत आहे.

आता तू न विचारलेला, पण मनात असणारच असा प्रश्न: तुर्कस्तानला शिक्षा झाली का? थोडी झाली. देऊ केलेला मोठा देकार मागे घेतला गेला. जुलै २००३ मध्ये उत्तर इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी काही तुर्की सैनिकांना पकडून डोक्यावर पिशव्या घालून नेलं. त्याचा संताप तुर्कस्तानात वर्षानुवर्षं राहिला. पण संबंध तुटले नाहीत. मतदानानंतर तीन आठवड्यांच्या आत संसदेने अमेरिकी विमानांना आकाश खुलं केलं. एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने एक अब्ज डॉलरच्या मदतीची तरतूद केली. आणि ७ ऑक्टोबर २००३ ला त्याच तुर्की संसदेने इराकमध्ये आपलं सैन्य पाठवायला मंजुरीसुद्धा दिली. या खेपेला नको म्हटलं ते इराकच्या नियामक मंडळाने, विशेषतः कुर्दांनी. बेत रद्द झाला. मार्चचा नकार हा कायमचा काडीमोड होता असं समजणाऱ्यांनी हा ऑक्टोबर आठवावा.

शेवटचा भाग: आपल्यावर आला तर? आलेला आहे, आणि त्याच वर्षी. भारत अमेरिकेचा करारबद्ध मित्र नव्हता आणि आजही नाही, पण बगदाद पडल्यानंतर अमेरिकेने भारताकडे साधारण एका डिव्हिजनची, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास सैनिकांची मागणी केली. बहुधा उत्तर इराकचा भाग आपल्याला सांभाळायला मिळणार होता. दिल्लीत बाजूने बोलणारे कमी नव्हते. महासत्तेशी संबंध वाढतील, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, आपलं सैन्य शांतिसेनेत नावाजलेलं आहेच. जूनमध्ये पेंटॅगॉनचं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचं पथक शंकानिरसनाला दिल्लीत येऊन गेलं.

त्या महिन्यांत छावणीत संध्याकाळी चार अधिकारी जमले की हाच विषय असायचा. चर्चा देशभक्ती किंवा परराष्ट्र धोरणाची नसायची. प्रश्न अगदी साधे होते. हुकूम कोणाचा चालणार, आपल्या सेनापतीचा की अमेरिकी मुख्यालयाचा? आपण कुठल्या कायद्याखाली तिथे असू? जमावावर गोळी चालवायची वेळ आली तर परवानगी कोण देणार? किती महिने? आणि संयुक्त राष्ट्रांचा झेंडा नसेल तर तिथला माणूस आपल्याला कोण समजेल? यातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हतं.

वाजपेयी सरकारने घाई केली नाही. विरोधकांशी बोलणं झालं, आखाती देशांचा आणि इराकच्या शेजाऱ्यांचा अंदाज घेतला. १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने निर्णय दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, आत्ता सैन्य नाही. निवेदनाची भाषा मऊ होती. अमेरिकेशी वाढत्या संबंधांचा त्यात उल्लेख होता, जॉर्डनबरोबर मिळून नजफमध्ये रुग्णालय उभारण्याची तयारीही नमूद होती. कोणावर टीका नव्हती. नंतर दोन वर्षांत, जुलै २००५ मध्ये, त्याच अमेरिकी अध्यक्षांनी भारताबरोबर नागरी अणुसहकार्याची घोषणा केली.

तू या विषयावर प्रबंध लिहिणार असशील तर त्या १४ जुलैच्या निवेदनापासून सुरुवात कर. ते छोटं आहे. त्यात नकार कुठल्या वाक्यात आहे आणि त्याच्या आधी-नंतर काय काय ठेवलं आहे ते पेन्सिलने खुणा करत वाच. मग त्याच्या शेजारी १ मार्चचं तुर्की मतदान ठेव. दोन्हीकडे दबाव एकाच राजधानीतून आला होता आणि दोन्हीकडे उत्तर नकाराचं होतं. पण अंकाराने जहाजं बंदराबाहेर उभी राहीपर्यंत वाट पाहिली, आणि आपण एकही जवान बोटीत चढण्याआधी सांगितलं. कुठे, कधी आणि कोणी नाही म्हटलं, याने किती फरक पडतो, ते तुला तिथे दिसेल.